डबल बेल दिल्याशिवाय

अंजर्ले,
श्रावणातला मंगळवार

प्रिय दत्ता,

अक्षर बघून हसू नकोस. नातीची दुरेघी वही मागून घेतली आहे. कोऱ्या कागदावर लिहायला बसलो की पहिली ओळ वाचता येते आणि चौथी माझी मलाच लागत नाही, इतकं बारीक होत जातं. दोन रेघांमध्ये धरलं की अक्षर रेघेपर्यंत पोचतं. तब्येत बरी आहे. पार्किन्सनच्या गोळ्या चालू. हिचे गुडघे सोडले तर हीपण बरी आहे. झालं, तब्येतीचं संपलं.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आणि जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. लोक हसतील. तूही हसशील, पण जिथे हसायचं तिथेच हसशील.

तपासणीला जायला मी आणि ही स्टँडवर गेलो होतो. गाडी लागलेली. फलाटावरून दारापर्यंत मी व्यवस्थित चालत गेलो आणि दारापासून वीतभर अंतरावर पाय थांबले. तुला कसं सांगू? कमरेच्या वरचा माणूस गाडीत चढायला निघालाय आणि खालच्याला कुणी सांगितलेलंच नाही. तळवे जमिनीला चिकटलेले, गुडघे थरथरताहेत. मागून माणसं. "काका, चला ना!" "अहो, चढायचं नाही तर बाजूला व्हा!" घाई केली की मी आणखी अडकतो, हे त्या पोरांना कुठून माहीत असणार? ही दंडाला धरून ओढायला लागली. ओढायचं नसतं, तोल जातो, हे तिला दहादा सांगून झालंय. एवढ्यात शेजारच्या फलाटावरची गाडी सुटली. जुनी गाडी, दोरीची घंटी. त्या कंडक्टरनं दोरी ओढली. टिंग टिंग.

आणि दत्ता, माझा उजवा पाय उचलला गेला. सरळ पायरीवर. मागून डावा. सीटवर टेकलो तेव्हा कळलं की मी चढलो. ही म्हणाली, कड्यावरचा गणपती पावला. मी गप्प बसलो. मला पालगडचा स्टॉप आठवत होता.

तू तो विसरला असशील असं वाटत नाही. मी ड्रायव्हर, तू कंडक्टर, आणि बेलच्या आधी मी गाडी हलवली म्हणून दारात लटकत तू मला ज्या शिव्या घातल्यास त्या पुढच्या सीटवरच्या गुरुजींनीही ऐकल्या. वस्तीला पोचल्यावर तू स्वतःचा स्टोव्ह वेगळा पेटवलास. "डबल बेल दिल्याशिवाय चाक हलवायचं नाही, गाडी तुझ्या बापाची नाही." मी अजूनही म्हणतो की तेव्हा चूक तुझीच होती, टपरीवर गप्पा मारत उभा होतास. पण आता माझं चाक बेल दिल्याशिवाय खरोखरच हलत नाही. ह्यावर तुला काय बोलायचं ते आत्ता बोलून घे, पुढचं पत्र नंतर वाच.

हे सगळं त्या फिजिओथेरपीवाल्या मुलीला सांगितलं. मला वाटलं हसेल. ती खुर्ची ओढून समोर येऊन बसली आणि म्हणाली, पुन्हा सांगा, पहिल्यापासून. मग तिनं समजावलं. मेंदूत आत खोलवर डोपामाइन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात, माझ्या त्या कमी झाल्यात. त्यामुळे जे चालणं आपोआप घडायचं, ज्याचा कधी विचारसुद्धा केला नाही, तेच अडतं. पायात ताकद आहे, पण सुरुवात करून देणारा आतला इशारा वेळेवर येत नाही. तोच इशारा बाहेरून मिळाला, कानातून ठेका किंवा डोळ्यांसमोर रेघ, तर मेंदू दुसऱ्या वाटेनं काम करून घेतो. मी म्हटलं, परशुराम घाटात दरड आली की गाड्या चिरणीवरून लोट्याला काढतात, तसं. ती चिपळूणची. लगेच म्हणाली, तस्सं! रस्ता लांबचा, सगळं लक्ष लावून चालवावं लागतं, पण गाडी पोचते.

तिला सगळा इतिहास पाठ आहे. ह्या रोगावर पहिलं पुस्तक 1817 साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन नावाच्या डॉक्टरानं लिहिलं, त्याच्यावरूनच नाव पडलं. आणि जमिनीवर आडव्या रेघा मारल्या की अडकलेला माणूस त्या ओलांडत चालायला लागतो, हे पर्डन मार्टिन नावाच्या डॉक्टरानं 1967 मध्ये लिहून ठेवलंय. म्हणजे आपण नोकरीला लागलो त्याच्याही आधी! मग मला हे सांगायला इतकी वर्षं का लागली, असं विचारलं तर म्हणाली, काका, गोळी लिहून देता येते, रेघ कोण लिहून देणार?

ती घरी येऊन ओटीपासून माजघरापर्यंत टेप चिकटवून गेली. लाल कोब्यावर पिवळी, ठळक दिसायला हवी म्हणून. ही म्हणाली, उभ्या पट्ट्या मारा, घर लांब दिसेल. उभ्याचा उपयोग नाही. पायासमोर आडवी हवी, ओलांडायला, आणि दोन पट्ट्यांत एका चांगल्या पावलाचं अंतर. ते ती गुडघ्यांवर बसून मोजपट्टीनं मोजत होती आणि मी उंबरठ्यात उभा, कारण उंबरठा ही माझी ठरलेली अडकायची जागा. टेप लागली, तिनं सांगितलं फक्त पट्टीकडे बघा, आणि मी चालत माजघरात गेलो. पाण्याचा तांब्या स्वतः घेतला. शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, नात लंगडी खेळते का घरात? म्हटलं, हो.

वळायचंही तिनं शिकवलं. जागच्या जागी गर्रकन वळायचं नाही, लांबून गोल वळण घ्यायचं. हे मला शिकवायला लागलं ह्याचा मला राग आला. दाभोळच्या बाजारात मी गाडी कशी वळवायचो ते तू पाहिलंयस.

एक गोष्ट मात्र गावाला पटत नाही. पायऱ्यांवर मी अडकत नाही. उन्हाळ्यात कड्यावरच्या गणपतीच्या पाखाडीनं वर गेलो, कठडा धरून, पण न थांबता. प्रत्येक पायरी म्हणजे एक रेघच की! आणि खाली येऊन सपाट ओटीवर खुंटलो. झालं, लोक बोलायला लागले. डोंगर चढतो आणि घरात अडकतो, म्हणजे सोंग आहे, सुनेकडून सेवा करून घ्यायला. सून डोंबिवलीत, सेवा कुठली डोंबल! पण बोलतात. आता पावसात पाखाडी शेवाळलीय, तिकडे जाऊ देत नाहीत, त्यामुळे सोंग सध्या बंद आहे.

त्या फिजिओथेरपीवाल्या मुलीनंच कुठल्याशा डच डॉक्टरांनी 2010 मध्ये छापलेली हकिगत सांगितली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दहा वर्षांचा पार्किन्सन, चार पावलं धड टाकता येत नाहीत, पण सायकलवर बसवला की झकास चालवतो. मी हिला म्हटलं, सायकल चालते तर एस.टी. का नाही? तिनं माझ्याकडे जे बघितलं ते वर्णन करत नाही.

आता खरी गोष्ट. इतका वेळ तिच्याभोवतीच फिरतोय.

धाकटा म्हणतो, डोंबिवलीला चला. गणपतीत येईल तेव्हा पक्कं करणार. चुकीचं काही म्हणत नाही रे. हिच्या गुडघ्यांना तिथे डॉक्टर जवळ, मला काही झालं तर इथून दवाखाना गाठेपर्यंत रात्र होते. सूनबाई तर म्हणाली, बाबा, टेप मी मारते, रंग तुम्ही सांगा. इतकं कोण म्हणतं? पण त्यांची लिफ्ट तू पाहिलेली नाहीस. दार उघडतं आणि तुम्ही आत शिरायच्या आधी मिटायला लागतं. अरुंद दार, वर घाई, मागे माणसं, माझ्या अडकण्याचं सगळं सामान एका जागी. फरशी अशी गुळगुळीत की तिच्यात आपलंच तोंड दिसतं, पावलाला धरायला काही नाही. इथे चिऱ्यांचे सांधे आहेत, खळ्यातून न्हाणीघराकडे जाताना मी त्या सांध्यांवरूनच जातो हे मला ती मुलगी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं. म्हणजे माझं निम्मं चालणं ह्या घरात ठेवलेलं आहे. ते ट्रंकेत भरून कसं न्यायचं?

बरं, ठेका नेता येतो म्हणावं तर तिनं मोबाईलवर टकटक लावून दिलीय. माझी पावलं मिनिटाला शंभर पडतात, तिनं नव्वदवर ठेवलंय, कारण अडकणाऱ्यांना थोडा संथ ठेका सोसतो. न अडकणाऱ्यांना उलट थोडा जलद देतात. अमेरिकेत थॉट म्हणून एकानं 1996 मध्ये असा ठेका देऊन तीन आठवडे, रोज अर्धा तास लोकांना चालवलं, तर त्यांचा वेग पाव हिश्श्यानं वाढला. ऐकून मी खूश. मग मीच मेल्यानं विचारलं, आणि ठेका बंद केल्यावर? ती खोटं बोलत नाही, हा तिचा दोष आहे. म्हणाली, युरोपात तीन देशांत मिळून 153 जणांना घरी जाऊन तीन आठवडे शिकवलं, 2007 मध्ये ते छापून आलं. चालणं सुधारलं, अडकणाऱ्यांचं अडकणं थोडं कमी झालं, साडेपाच टक्के. आणि शिकवणी थांबल्यावर सहा आठवड्यांनी बघितलं तर बरंचसं ओसरलेलं. म्हणून काका, हे रोज करायचं, सोडायचं नाही.

म्हणजे बेल कायमची. दत्ता, पडायची भीती मला एवढी नाही. पडलेला माणूस उचलतात. पण इतकी वर्षं घाटात रात्री-अपरात्री गाडी मी हाकली, कुठे थांबायचं, कुठे सोडायचं, माझं मला कळायचं, आणि आता कुणीतरी टिंग टिंग करायचं तेव्हा मी न्हाणीघरात जायचं! इथे ही करते. पदराला किल्ल्यांचा जुडगा आहे, तो दोनदा वाजवते. एकदा पाहुण्यांसमोर वाजवला. मी उठलो नाही, मुद्दाम. तिथे कोण वाजवणार? धाकटा सकाळी सात सदतीसची लोकल पकडतो. कानात बोंडं घालून टकटक ऐकत रस्त्यानं चाललो तर मागून येणारी रिक्षा ऐकू यायची नाही. आणि इथेच राहायचं म्हटलं तर हिच्या गुडघ्यांचं काय? ती बोलत नाही, पण जिना उतरताना तोंडावर दिसतं.

हे सगळं मी कुणाशी बोलू? तू म्हणशील, मी तेव्हाच म्हटलं होतं, बदली घे, मुंबईकडे ये. म्हण. पण तू स्वतः शेवटी कराडलाच गेलास की सासुरवाडीला, तेव्हा मला शिकवू नकोस.

बरं, तुझा मोतीबिंदू झाला का? नातवाचं नाव काय ठेवलंत? वहिनींना नमस्कार. उसाचं बिल निघालं असेल तर चष्मा नवा कर.

हां, वरच्या आळीतला तो खाजकुयलीच्या बिया घेऊन आलेला, औषध म्हणून. मला आपली रेस्टरूम आठवली, कुणाच्या गंजीफ्रॉकात टाकली होती ती. पण त्या बियांत खरंच लेव्होडोपा असतं, माझ्या गोळीत असतं तेच. म्हणूनच डॉक्टर म्हणाले, गोळीवर आणखी हे मुळीच घ्यायचं नाही, मात्रा वाढते. आणि गोळी जेवणाच्या बऱ्याच आधी, कारण मासळी-डाळीतली प्रथिनं तिच्या आड येतात. हर्णैचा बांगडा समोर शिजतोय आणि मी घड्याळ बघत बसतो.

तुझ्याकडे काम आहे. मोबाईलची टकटक मला सोसत नाही, डोक्यात जाते. तुझ्याकडे तिकिटं टोचायचा पंच आहे. नाही म्हणू नकोस, हरवला म्हणून तू डेपोत पैसे भरलेस तेव्हा मी शेजारी उभा होतो. तो तिकिटाच्या पेटीवर वाजवायचास तसा वाजव आणि फोनवर रेकॉर्ड करून पाठव. सुरुवातीला डबल बेल, मग मिनिटाला नव्वद, घड्याळ लावून, निदान दहा मिनिटं. मागच्या सीटवरून तुझी ती टकटक मी इतकी वर्षं ऐकली की तिच्यावर पाय पडतील असं वाटतं. न पडले तर तुझं काही बिघडलं नाही.

आणि गणपतीला ये. धाकटा असेल. त्याला समजाव की बाप इथेच बरा, नाहीतर मला समजाव की गप जा. दोन्हीतलं कुठलंही एक कर, तुझं मी ऐकीन. फक्त दोन्ही बाजूंनी मान हलवत बसू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

तुझा,
बाळ्या

ता. क. रेकॉर्ड करताना मध्ये बोलू नकोस. चालताना कुणी बोललं आणि मी उत्तर द्यायला गेलो की अडकतो. दहा मिनिटं गप्प बसणं तुला जमतं का, ते आधी वहिनींसमोर करून बघ.