स्पोर्ट टूरिंग टायरच्या जोडीत जुना मागचा टायर पाठवल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन टायर विक्री विभाग

डिचोली, गोवा
६ मे २०२५

विषय: मोटरसायकलच्या १२०/७० झेडआर १७ (पुढचा) आणि १६०/६० झेडआर १७ (मागचा) या मापांच्या टायरजोडीतील मागचा टायर बदलून मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्याकडून मागवलेल्या जोडीतला पुढचा टायर बरोबर आला. मागचा मात्र २०२० सालच्या नवव्या आठवड्यात तयार झालेला आहे, आणि बिलावर ज्या मॉडेलचे नाव आहे त्याच्या आधीच्या आवृत्तीचा आहे. टायर केव्हा बनले आणि दोन्ही एकाच आवृत्तीचे आहेत का, हे मी पैसे भरण्याआधी ईमेलने विचारले होते. तुमच्या सल्लागाराने उत्तर दिले, "लेटेस्ट स्टॉक आहे, जोडी सेम मॉडेलची आहे." मागचा टायर मी बसवलेला नाही. तो बदलून द्यावा अशी मागणी हेल्पलाइनवर केली, तर "पॉलिसीत बसत नाही" असे सांगण्यात आले. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ही तक्रार टायर बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध नाही. तिचे टायर मी आधीही वापरले आहेत आणि पुढेही वापरीन. तक्रार तुमच्या विक्रीबद्दल आहे: मी विचारपूर्वक जी निवड केली, ती तुम्ही मला न सांगता बदललीत.

ही निवड कशी केली ते थोडे विस्ताराने लिहितो, कारण हेल्पलाइनवरच्या माणसाला "साइज बरोबर आहे ना, मग अडचण काय" हेच कळत नव्हते. माझी गाडी कावासाकी व्हर्सिस ६५० ही मोटरसायकल. गाडीचेच वजन सुमारे २२० किलो, त्यावर मी, मागे पत्नी आणि दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. कामासाठी म्हापशाला जाणे-येणे असते. सासुरवाडी बेळगावची, त्यामुळे साखळी, केरी आणि चोर्ला घाट ही आमची पायाखालची वाट आहे. घाटात पावसाळ्यात दिवसाढवळ्या धुके उतरते, वळणावर वरून पाणी आडवे वाहत असते आणि त्याबरोबर माती, पालापाचोळा रस्त्यावर येतो. खाली आमच्या डिचोली तालुक्यात खनिजवाहू ट्रक चालतात, त्यांच्या चाकांतून पडलेली लाल माती पहिल्या सरीत साबणासारखी होते. सारमानसला फेरीबोटीत गाडी चढवताना ओला लोखंडी उतार असतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इथे टायर घेणाऱ्याने पहिला प्रश्न ओल्या रस्त्याचाच विचारायचा असतो, आणि मी तोच विचारला होता.

निव्वळ स्पोर्ट टायर मला नको होता. त्याचे रबर तापल्यावर चांगले धरते, पण पावसात, थंड घाटात, डबलसीट सावकाश जाताना ते पुरेसे तापत नाही. शिवाय नक्षी (रबरावरच्या खाचा) कमी असल्यामुळे पाणी बाहेर टाकण्याची सोयही कमी. निव्वळ टूरिंग टायर जास्त टिकतो, पण वळणावर गाडी झुकवल्यावर त्याच्या रबराची पकड मला कमी वाटते. स्पोर्ट टूरिंग टायर या दोन्हींच्या मधला. यातल्या बऱ्याच टायरांत मध्यभागी कडक आणि कडेला मऊ असे दोन प्रकारचे रबर वापरलेले असते: सरळ महामार्गावर मधला भाग लवकर झिजत नाही आणि वळणावर कडेचा भाग रस्ता धरतो. रबरात सिलिकाचे प्रमाण जास्त असले की थंड आणि ओल्या रस्त्यावर पकड चांगली राहते. हे गुण टायरच्या आकारावरून कळत नाहीत. १६०/६० झेडआर १७ या मापात तीनही प्रकारचे टायर मिळू शकतात.

आणि स्पोर्ट टूरिंग म्हटल्यावरही सगळे सारखे नसतात. मिशेलिनने 'रोड ६' बरोबर जड टूरिंग गाड्यांसाठी 'रोड ६ जीटी' असा वेगळा टायर काढला. पिरेलीचा 'एंजल जीटी' २०१३ साली आला आणि 'एंजल जीटी २' २०१९ साली. नाव तेच, पण टायर वेगळा. दुकानदाराने नुसते "एंजल आहे" म्हटले तर गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. (ही नावे उदाहरणादाखल घेतली आहेत, माझी ऑर्डर यातल्या कुठल्याच टायरची नव्हती.) म्हणून मी ईमेलमध्ये पूर्ण नाव, आवृत्ती, मागच्या टायरसाठी ६९ हा लोड इंडेक्स म्हणजे ३२५ किलोची क्षमता, आणि डब्ल्यू ही वेगमर्यादा म्हणजे ताशी २७० किलोमीटर, सगळे लिहिले होते. गोव्यात २७० किलोमीटर वेगाने कोणी जात नाही हे मलाही ठाऊक आहे. पण गाडी बनवणाऱ्याने सांगितलेल्या लोड इंडेक्सपेक्षा कमी क्षमतेचा टायर डबलसीट आणि सामानासह घाटात नेण्याची माझी तयारी नाही.

तुमच्या सल्लागाराने फोनवर मला दोनच प्रश्न विचारले: चाकाचा आकार किती आणि बजेट किती. मी पावसात चालवतो का, मागे कोणी बसते का, सामान किती, घाट किती, एका टायरवर किती किलोमीटरची अपेक्षा आहे, यातले काहीच नाही. माझे उत्तर माझ्याकडे तयार होते म्हणून निभावले. पहिल्यांदा मोठी गाडी घेतलेल्या एखाद्या मुलाला तुम्ही हाच सल्ला देत असाल, तर त्याच्या पदरात काय पडत असेल याची मला खरोखर काळजी वाटते.

आता त्या टायरविषयी. दोन्ही टायर मी म्हापशाच्या गॅरेजमध्ये नेले. मशीनवर चढवण्याआधी मेकॅनिकने आणि मी साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, छापलेला डीओटी हा उत्पादनाचा कोड वाचला. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. पुढच्यावर ३६२४, म्हणजे २०२४ चा छत्तिसावा आठवडा. मागच्यावर ०९२०, म्हणजे फेब्रुवारी २०२० ची अखेर. नक्षीही जुळत नव्हती, कारण मागचा टायर आधीच्या आवृत्तीचा होता आणि साइडवॉलवर तसे नावही आहे. मी तिथेच काम थांबवले. फोटो त्याच वेळी काढलेले आहेत. रबराचे केस जसेच्या तसे आहेत, रिमला लागणाऱ्या कडेवर साबणाचा किंवा लोखंडाचा एकही डाग नाही. तरीही "गॅरेजमध्ये नेला म्हणजे वापरला" असे तुमचे म्हणणे आहे. टायर गॅरेजमध्ये न नेता बसवायचा कुठे?

तुमच्या माणसाचा दुसरा मुद्दा असा की न वापरलेला टायर पाच वर्षे नवाच असतो. यात काही तथ्य आहे हे मी मान्य करतो. थंड, कोरड्या, काळोख्या जागी, ओझोन सोडणाऱ्या विजेच्या यंत्रांपासून दूर ठेवलेला टायर फार सावकाश म्हातारा होतो. पण हवेतल्या ऑक्सिजनमुळे रबर कडक होत जाते आणि उष्णतेने ही क्रिया वाढते. कडक रबराची पकड सगळ्यात आधी ओल्या रस्त्यावर कमी होते, आणि मी टायर घेतला तो त्याच कामासाठी. काही निर्माते स्वतःच सांगतात की पाच वर्षे वापरलेला टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा. आणि तुम्ही मला विकलेला टायर पहिला किलोमीटर चालण्याआधीच पाच वर्षांचा झाला आहे. तो पाच वर्षे कुठे होता, कोणत्या तापमानात होता, हे मी विचारले. उत्तर मिळाले नाही. आमच्याकडच्या एखाद्या पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मे महिन्यांत काय उकाडा होतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

तारखेवरून एक गोष्ट मला उलगडली. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली आणि तेव्हापासून आयातीला परवाना लागतो. हा टायर त्याच्या आधी बनलेला आहे. बहुधा त्या वेळचा उरलेला माल असावा. मोठ्या गाड्यांचे आयात टायर मिळणे अवघड झाले, हव्या त्या मॉडेलसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते, हे सगळे गाडीवाले जाणतात. मागचा टायर उपलब्ध नाही, आधीच्या आवृत्तीचा २०२० चा आहे, हवा असेल तर कमी किमतीत देतो, असे तुम्ही सरळ सांगितले असते तर मी नकार दिला असता आणि थांबलो असतो. दुसऱ्या कोणी कदाचित घेतलाही असता. तो निर्णय गिऱ्हाइकाचा असतो, आणि तो घेण्यासाठी लागणारी माहिती तुम्ही माझ्यापासून दडवलीत. बिलावर नव्या आवृत्तीचे नाव आणि नव्या आवृत्तीचीच किंमत लावलेली आहे.

दोन आवृत्त्यांची जोडी लावायला हरकत नाही, असेही मला तोंडी सांगितले गेले. निर्माते पुढचा आणि मागचा टायर एकमेकांशी जुळवून तयार करतात. एकाचा गोलवा दुसऱ्यापेक्षा वेगळा असला की गाडी झुकताना पुढचे चाक एका गतीने आणि मागचे दुसऱ्या गतीने वळते. ही विशिष्ट जोडी या गाडीवर चालेल, असे निर्मात्याचे लेखी पत्र असेल तर ते मला पाठवा. नसेल तर असे विधान दुसऱ्या गिऱ्हाइकासमोर करू नका.

सगळ्यात गंभीर गोष्ट पुढे आहे आणि ती तुम्ही स्वतंत्रपणे तपासावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. टायर कडक वाटला तर "पावसात हवा पाच-सहा पॉइंट कमी ठेवा, ग्रिप वाढते" असे तुमच्या हेल्पलाइनवरून मला सांगण्यात आले. हा सल्ला धोकादायक आहे. हवा कमी झाली की टायर दबतो, नक्षीच्या खाचा आवळल्या जातात आणि पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाबरोबर खाली येतो, म्हणजे कमी हवेचा टायर आधी तरंगतो. दुचाकीवर पुढचे चाक तरंगले तर सावरायला क्षणही मिळत नाही. वर डबलसीट आणि सामान असेल तर साइडवॉल जास्त वाकून टायर आतून तापतो, ते वेगळेच. हवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे, टायर थंड असताना भरायची. विक्री करणाऱ्याच्या तोंडून याच्या उलट ऐकू येणे मला फार अस्वस्थ करून गेले, कारण ऐकणारा ते खरे मानतो.

माझ्या मागण्या अशा आहेत. मागचा टायर तुमच्या खर्चाने परत न्यावा आणि बिलावर नमूद केलेल्या आवृत्तीचा, २०२४ किंवा त्यानंतर बनलेला टायर द्यावा. पाठवण्याआधी त्याच्या डीओटी कोडचा फोटो मला पाठवावा. तसा टायर तुमच्याकडे नसेल तर दोन्ही टायर परत घेऊन वाहतुकीसह पूर्ण रक्कम परत करावी. एकटा पुढचा टायर माझ्या काय उपयोगाचा? त्याऐवजी दुसऱ्या खरेदीसाठी कूपन देऊ केलेत, ते मला नको आहे. आणि विक्रीच्या पानावर प्रत्येक टायरची आवृत्ती व उत्पादनाचा आठवडा-वर्ष दाखवायला सुरुवात करावी. ही माहिती टायरवरच छापलेली असते, ती पानावर द्यायला काही खर्च येत नाही.

सध्याचा मागचा टायर झिजखुणेपर्यंत आला आहे, म्हणून गाडी घरी उभी आहे आणि मी म्हापशाला बसने जातो. मृग लागायच्या आत टायर हवा आहे, कारण नवा टायर बसवल्यावर पहिले दीडशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर सावकाश चालवून त्याचा गुळगुळीत थर घालवावा लागतो. पाऊस सुरू झाल्यावर मिळालेला टायर घाटात नेणे मला योग्य वाटत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्याच्या आत निवारण करायचे असते. ही मुदत पाळली गेली नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. या कायद्यानुसार गिऱ्हाइकाला स्वतः राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे तुमचे कार्यालय दुसऱ्या राज्यात आहे याने काही फरक पडत नाही. तिथपर्यंत जाण्याची मला हौस नाही. मला टायर हवा आहे.

बिलाची प्रत, सल्लागाराशी झालेला ईमेल व्यवहार, दोन्ही टायरांच्या कोडचे आणि नक्षीचे फोटो व गॅरेजवाल्याने टायर बसवला नसल्याबद्दल दिलेली चिठ्ठी सोबत जोडली आहे. टायर घरी आतल्या खोलीत, उन्हापासून दूर, उभा ठेवलेला आहे. न्यायला येणाऱ्याने आदल्या दिवशी फोन करावा आणि टायर ताब्यात घेताना त्यावरचा कोड लिहून पावती द्यावी.

आपला,
(सही)
डिचोली, गोवा
नाव, पत्ता आणि फोन नंबर ऑर्डरमध्ये नोंदवलेले आहेत.