मराठीला 5 गुण, इंग्रजीला 20

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियावरचा लेख वाचला. मेलबर्नच्या दवाखान्यांत कितीतरी भाषांतल्या पाट्या असतात, सगळ्या भाषा तिथे सुखाने नांदतात वगैरे. पाट्या असतात हे खरंय, मी स्वतः पाहिल्यात. मुलाकडे सहा महिने राहून मागच्याच महिन्यात साताऱ्याला परत आलेय. पण पाट्या बघून भाषा नांदतेय की नाही ते कळत नाही हो, त्यासाठी कुणाच्या तरी घरी जेवायला बसावं लागतं, म्हणून हे पत्र.

आधी चांगलं सांगते. गुडघा धरला म्हणून मला तिथल्या हॉस्पिटलात नेलं तर काउंटरवरच्या मुलीने पहिलं विचारलं, भाषा कोणती? आणि पाच मिनिटांत फोनवर मराठी दुभाषी हजर! नागपूरकडची असावी, "कधीपासून दुखून राहिलं काकू?" म्हणाली, मला तर डॉक्टरपेक्षा तिच्याशीच गप्पा माराव्याशा वाटल्या. फोनवरच्या दुभाष्याची ही सोय तिथल्या सरकारने 1973 सालीच सुरू केली, म्हणजे मी शाळेत होते तेव्हा. रेडिओवर इतर भाषांचे कार्यक्रम 1975 पासून. याचं कौतुक आहेच, आपल्याकडे परराज्यातून आलेल्या मजुराला सरकारी दवाखान्यात कोण विचारतं त्याची भाषा?

आता सूनबाईची गोष्ट. ती पुण्याची, शिकली सगळी इंग्लिश मिडियमला. कायम राहायच्या व्हिसासाठी तिथे गुण मोजतात, वय, शिक्षण, अनुभव असं सगळं धरून, आणि त्यात आपापल्या भाषेची सीसीएल नावाची एक परीक्षा पास झालात तर 5 गुण मिळतात. मराठीचीही आहे! दोन संवाद ऐकवतात, इंग्रजी बोललं की तुम्ही लगेच मराठीत सांगायचं, मराठी बोललं की इंग्रजीत. 90 पैकी 63 लागतात. मी जन्मभर झेडपीच्या शाळेत मराठी शिकवलं, पण कुणाला मराठी येतं म्हणून एखाद्या देशाचं दार उघडतंय हे पहिल्यांदाच पाहिलं. मग काय, रोज रात्री भांडी आवरली की आमचा क्लास. तिला जामीन माहीत होता पण तारण नाही, लसीकरण येत होतं पण भूल देणे नाही, "आई, मॉर्गेजला मराठीत मॉर्गेजच म्हणतात ना?" असं विचारायची. दोनशे पानी वही भरली आम्ही. पास झाली, चांगली 70 च्या वर.

पण त्याच यादीत इंग्रजीला किती गुण आहेत ते ऐका. आयईएलटीएस नावाच्या इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत 8 आणले की 20. म्हणजे आईच्या भाषेला 5 आणि इंग्रजीला 20, आणि घरात नेमका तोच हिशोब चालतो, कुणी कागदावर लिहून देत नाही एवढंच. परीक्षा झाली त्या दिवसापासून सून परत इंग्रजीत. तिला दोष देत नाही, ऑफिसात इंग्रजी, बँकेत इंग्रजी, शेजारणीशी इंग्रजी, नवऱ्याशी मराठी सुरू करते आणि वाक्य इंग्रजीत संपतं.

नातू पाच वर्षांचा. त्याला सगळं मराठी कळतं, "चप्पल आण" म्हटलं की आणतो, पण उत्तर इंग्रजीत. गंमत म्हणजे तिथल्या नर्सनेच सांगितलेलं की घरी बिनधास्त तुमची भाषा बोला, इंग्रजी शाळेत आपोआप येईल. ऐकलं नाही ते आमच्याच मंडळींनी! पोरगं शाळेत मागे पडेल ही भीती. रविवारची मराठी शाळा आहे, पण तीच वेळ पोहण्याच्या क्लासची. बारावीला तिथे हिंदी, पंजाबी, तमिळ हे विषय घेता येतात आणि त्याचे मार्क धरतात, त्यामुळे ते आईबाप तरी पोरांना रेटतात.

पार्कात एक इटालियन आजी भेटायच्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच, त्यामुळे आमचं छान जमलं. त्यांची नातवंडं इटालियन बोलत नाहीत, फक्त पदार्थांची नावं येतात. घरी येऊन जनगणनेचे आकडे मुलाकडून काढून घेतले. 2001 साली घरी इटालियन बोलणारे साडेतीन लाखांच्या वर होते, 2021 ला दोन लाख अठ्ठावीस हजार. जुनी माणसं गेली, नवीन येत नाहीत, संपलं. आपली संख्या अजून वाढतेय कारण विमानं भरून नवे लोक येतायत, तिथे जन्मलेली पोरं बोलतायत म्हणून नव्हे, हे त्या लेखात कुठेच नव्हतं.

आणि इंग्रजी तरी कुठे तिथली? 1788 ला बोटीतूनच उतरली ना. त्याआधी तिथे अडीचशेच्या वर भाषा होत्या. पुढे 1901 पासून नको असलेल्या माणसाला रोखायला पन्नास शब्दांचं शुद्धलेखन घालायचे, तेही अधिकारी म्हणेल त्या युरोपियन भाषेत! 1934 ला एगॉन किश नावाच्या पत्रकाराला बऱ्याच भाषा येत होत्या म्हणून चक्क स्कॉटिश गेलिकमध्ये घातलं होतं. हे 1958 पर्यंत चाललं. त्या मानाने आताचे 5 गुण म्हणजे खूपच झाले म्हणा.

आमची ती वही सूनबाई रद्दीत टाकणार होती, मी मागून घेतली आणि बॅगेत घालून इकडे आणली. पुढच्या डिसेंबरात परत जाणारे तेव्हा बरोबर नेईन. नातू आता अक्षरं वाचायला लागलाय, ए बी सी डी. निदान "तारण" मधला त कसा काढतात तेवढं दाखवीन म्हणते, पोहण्याचा क्लास नसेल त्या दिवशी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा