हेल्पलाइनवर रात्री फोन उचलणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाही. म्हणून हे पत्र असं उघड लिहितोय. कधी नजरेस पडलंच तर ओळखाल: दिवसातून दहा-बारा वेळा ताप मोजणारा माणूस.

11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही महासाथ असल्याचं जाहीर केलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत माझं जग एका खोलीएवढं झालं. एकटा राहत होतो, काम घरूनच. डोळे उघडले की आधी फोन: आज रुग्ण किती, मृत्यू किती. रात्री दोनलाही तेच. ते आकडे बघून माझ्या हातून काही होणार नव्हतं, पण बघितले नाहीत तर जीव थाऱ्यावर राहायचा नाही. छातीत धडधडायचं, श्वास अपुरा पडायचा, आणि श्वास अपुरा पडला की वाटायचं, झालाच आपल्याला. मग थर्मामीटर.

जवळच्यांना सांगितलं, तर "सकारात्मक राहा" म्हणाले. त्यांना दोष देत नाही, तेही घाबरलेलेच होते. तुम्ही मात्र पहिल्या फोनवर म्हणालात, "भीती वाटावी असंच आहे हे सगळं." आणि मी रडायला लागलो. तुम्ही थांबलात. फोनवर कुणी गप्प बसून सोबत करू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मग तुम्ही सरळ विचारलंत, "जीव द्यावा असा विचार मनात येतो का?" इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, येतो कधीकधी. तुम्ही दचकला नाहीत, रागावला नाहीत. आज रात्री सोबतीला फोनवर कोण राहू शकेल ते विचारलंत आणि दुसऱ्याच दिवशी मानसोपचार तज्ज्ञांची वेळ घ्यायला लावलीत. असं विचारल्याने समोरच्याच्या डोक्यात नसलेला विचार शिरेल, अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही, हे अभ्यासांतून दिसलंय. माझ्यापुरतं सांगायचं तर त्या प्रश्नाने दार उघडलं. आपल्या माणसाबद्दल शंका आली, तर असंच विचारावं, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो.

डॉक्टरांचं औषध काही महिने चाललं. त्यासोबत दर मंगळवारी तुमचा फोन असायचा. तुम्ही सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या, करायला मात्र जड गेल्या. बातम्या दिवसातून दोनदाच, ठरलेल्या वेळी, खात्रीच्या ठिकाणाहून, आणि झोपायच्या आधी अजिबात नाहीत. थर्मामीटरबद्दल तुम्ही फार नेमकं बोललात. ताप नाही हे बघून पाच मिनिटं बरं वाटतं, आणि त्या पाच मिनिटांच्या चटकेपायीच माणूस पुन्हा मोजतो. मला ते आधी पटलं नाही. सकाळ-संध्याकाळ एकेकदाच मोजायचं ठरवल्यावर पहिले चार दिवस हात शिवशिवत होते, पाचव्या दिवशी दुपारी थर्मामीटरची आठवणही आली नाही. घाबरून भराभर श्वास घेतला की त्यानेच छाती आवळते, मुंग्या येतात, हेही तुमच्याकडूनच कळलं. श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा जास्त वेळ लावून. पण स्वस्थ बसूनही दम लागत असेल तर मनाचं समजून घरी बसायचं नाही, डॉक्टरांना गाठायचं, हेही बजावलंत.

सगळ्यात उपयोगी पडली ती काळजीची वेळ. रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा, वही घेऊन बसायचं आणि मनसोक्त काळजी करायची. रात्री काही मनात आलं तर त्याला सांगायचं, उद्या साडेपाचला ये. मला वाटलं, असं कुणाचं मन ऐकतं का! पहिल्या आठवड्यात वहीची पाच-सहा पानं भरायची. महिन्याभरात अर्धं पान कोरं राहू लागलं. रात्री डोंगराएवढ्या वाटणाऱ्या गोष्टी संध्याकाळच्या उजेडात लिहिताना दोन ओळींत संपायच्या. ती वही अजून माझ्याकडे आहे.

आणि रोज एका माणसाला फोन. अंतर शरीरांमध्ये ठेवायचंय, माणसं तोडायची नाहीत, असं तुम्ही म्हणायचात. कितीतरी वर्षं न बोललेल्या एका मित्राला फोन लावला, तर तोही रात्र रात्र जागाच होता.

2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की महासाथीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण जगभरात 25 टक्क्यांनी वाढलं होतं. इतके दिवस आकड्यांनी माझी झोप उडवली होती, या आकड्याने मनावरचं ओझं उतरवलं. मी कमकुवत आहे असं मी स्वतःला कितीदा सुनावलं होतं.

तो आकडा वाचताना एक मंगळवार आठवला. बोलता बोलता तुमच्या मागे लहान मूल रडलं. तुम्ही "एक मिनिट हं" म्हणून गेलात आणि परत येऊन जिथे थांबलो होतो तिथूनच सुरू केलंत. तेव्हा मी पुन्हा माझंच सांगत बसलो. तुम्हीही त्याच महासाथीत होतात, घरात मूल होतं, आणि माझ्यासारख्या कितीजणांची भीती रोज कानांनी झेलत होतात. मी एकदाही विचारलं नाही, ते आज विचारतो.

ताई, तुम्हाला तेव्हा झोप लागत होती का? तुमचं कोण ऐकून घेत होतं?

तुमचा कायमचा ऋणी