गिअरबॉक्सची ओळख पुसू देऊ नका: परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

सन्माननीय परिवहनमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

पत्रास कारण एक पत्र्याची पट्टी. गाडीच्या गिअरबॉक्सवर ती असते. कधी दोन रिव्हेटांनी ठोकलेली, कधी एखाद्या बोल्टाखाली अडकवलेली, तर कधी नुसते कागदी लेबल. तिच्यावरच्या अक्षर-आकड्यांवरून तो गिअरबॉक्स कुठल्या इंजिनासाठी, किती रेशोचा (म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) आणि कधीचा हे कळायला हवे. मी कित्येक वर्षे गिअरबॉक्स खोलतो आणि बांधतो. बदली म्हणून माझ्यासमोर येणारा गिअरबॉक्स, मग तो जुन्या गाडीतून उतरवलेला असो की रिबिल्ट, म्हणजे खोलून नव्याने बांधलेला, बहुतेक वेळा ही पट्टी हरवूनच येतो. आणि पट्टी असली तरी ती वाचायची कशी हे सांगणारे कोणी नसते.

एका गिऱ्हाइकाने रिबिल्ट मॅन्युअल गिअरबॉक्स स्वतःच आणून दिला होता. छान काळा रंग मारलेला, हौसिंगवर (बाहेरच्या कवचावर) रिव्हेटांची दोन भोके, मध्ये प्लेट नाही. बोल्टांची भोके जुळली, शाफ्टचे दाते जुळले, मी बसवला. चूक माझी, तपासायला हवे होते. दोन दिवसांनी तो माणूस परत आला. टॉप गिअरमध्ये पूर्वी जिथे इंजिन २,५०० फेरे घ्यायचे, तिथे आता २,८५० च्या पुढे जात होते. आवाज वाढला होता, डिझेल जास्त लागत होते. गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, बेल हौसिंगच्या, म्हणजे इंजिनाला जोडणाऱ्या घंटेसारख्या भागाच्या, कडेचा रंग खरवडला, तेव्हा खाली ठोकलेली तीन अक्षरे आणि तारीख दिसली. जुन्या गिअरबॉक्सची अक्षरे वेगळी होती. हौसिंग अगदी तेच, पण आत फायनल रेशो, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचा रेशो, ३.४ ऐवजी ३.९. ती तीन अक्षरे रंगाखाली गेली नसती, तर त्या माणसाची दुप्पट मजुरी आणि आठवडाभराची कमाई वाचली असती.

आता मी अशा प्रत्येक गिअरबॉक्सला आधी टेबलावर घेतो. इनपुट शाफ्टवर खडूने रेघ ओढतो, गिअर टाकतो, डिफरन्शियलची, म्हणजे दोन्ही चाकांना फिरणे वाटून देणाऱ्या भागाची, एक बाजू घट्ट धरून ठेवतो आणि दुसऱ्या बाजूचे फेरे मोजतो. एक बाजू अडवली की दुसरी दुपटीने फिरते, तेवढा हिशेब धरावा लागतो. मॅन्युअलमध्ये यावरून रेशो निघतो. ऑटोमॅटिकमध्ये अशी मोजणी पुरत नाही, आणि खरे नुकसान तिथेच आहे.

उदाहरण देतो. टोयोटाच्या कित्येक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर एक लेबल असते आणि त्यावर ६० अंकी कोड असतो. एकाच दिवशी, एकाच लाइनवर बनलेल्या दोन सोलेनॉइडचा (तेलाचा दाब सांभाळणाऱ्या विजेवरच्या झडपांचा) दाबही तंतोतंत सारखा नसतो. म्हणून कारखान्यात प्रत्येक गिअरबॉक्स मोजतात आणि ते माप या कोडमध्ये लिहितात. गिअरबॉक्स बदलला की स्कॅनर लावून नवा कोड गाडीच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या संगणकात, भरावा लागतो. फोर्डच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्येही सोलेनॉइड बॉडीचा नंबर टॅगवर असतो आणि त्यानुसार कंट्रोलरमध्ये फाइल टाकावी लागते. ही ओळख गेली की चांगला गिअरबॉक्सही झटके देऊ लागतो. मग गिऱ्हाईक म्हणते गिअरबॉक्स खराब दिला, विकणारा म्हणतो मेकॅनिकने बिघडवला, आणि दोघेही खरे बोलत असतात असे मला वाटते. रिबिल्ट करताना हौसिंग गरम पाण्याने आणि केमिकलने धुतात, त्यावर बारीक गोळ्यांचा मारा करतात. कागदी लेबल त्यात टिकणार कसे?

बोल्टाखाली अडकवलेला टॅग तर आम्ही मेकॅनिक लोकच हरवतो. ऑइल सील बदलायला बोल्ट काढला, टॅग ट्रेमध्ये पडला, बोल्ट परत लावला, टॅग राहून गेला. हे रोज घडते आणि त्याचा दोष मी दुसऱ्या कुणावर टाकणार नाही.

टॅग जागेवर असला तरी वाचण्याची अडचण उरतेच. गाडीचा चासी नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो, आयएसओ ३७७९ या मानकात त्याची रचना ठरलेली आहे, आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरे मुद्दाम वगळली आहेत, कारण एक आणि शून्य यांच्याशी त्यांची गल्लत होते. उत्तर अमेरिकेत तर नववा अंक केवळ बाकीचा नंबर बरोबर आहे का हे पडताळण्यासाठी असतो. एवढी काळजी चासी नंबरची घेतली. गिअरबॉक्सच्या बाबतीत मात्र प्रत्येक कंपनीचा पाढा वेगळा. फोक्सवागन तीन अक्षरे आणि तारीख ठोकते. जनरल मोटर्सच्या टॅगवर वर्षाचा एकच अंक, मग मॉडेलची अक्षरे, मग वर्षातला कितवा दिवस तो आकडा. तो एक अंक ४ असेल तर १९९४ की २००४, हे टॅग सांगत नाही. क्रायस्लरने तारखेसाठी दहा हजार दिवसांचे स्वतःचे कॅलेंडरच वापरले. माहीत नसलेल्याला तो चार आकडी नंबर पार्ट नंबरचाच तुकडा वाटतो.

आणि सगळ्यात जास्त फसगत होते ती हौसिंगवर ओतीव अक्षरांत उठलेल्या नंबराने. तो मोठा असतो, स्पष्ट असतो, म्हणून लोक त्याचाच फोटो काढून पाठवतात आणि तोच नंबर सांगून गिअरबॉक्स मागवतात. तो नंबर फक्त त्या ओतकामाचा असतो. त्याच हौसिंगमध्ये पाच वेगवेगळ्या रेशोंचे गिअर बसू शकतात.

चांगली प्लेट कशी असते हेही सांगतो. झेडएफ या जर्मन कंपनीच्या ट्रकच्या गिअरबॉक्सवर मॉडेल, पार्ट्स लिस्टचा नंबर, अनुक्रमांक, रेशो आणि कुठल्या यादीतले तेल घालायचे, एवढे सगळे एका प्लेटवर मिळते. तेलाचा उल्लेख मला सर्वांत मोलाचा वाटतो. सीव्हीटीमध्ये, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्टा-पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, साधे ऑटोमॅटिकचे तेल घातले तर पट्टा आणि पुली खराब व्हायला वेळ लागत नाही, आणि बाहेरून पाहून दोन्ही हौसिंग ओळखू येतीलच असे नाही.

कायद्याला हे काम अवघड नाही. अमेरिकेने १९८४ सालीच वाहनचोरीविरुद्ध कायदा केला. चोरीचा धोका जास्त असलेल्या गाड्यांच्या मुख्य भागांवर खुणा घालणे त्यात आले आणि त्या भागांत इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही आहे. बदलीच्या नव्या भागावर कंपनीचे चिन्ह, ‘डीओटी’ (तिथल्या परिवहन खात्याची आद्याक्षरे) आणि ‘आर’ हे अक्षर लागते. म्हणजे चोर पकडण्यासाठी गिअरबॉक्सवर खूण सक्तीची करता आली. तो गिअरबॉक्स नेमका काय आहे हे मात्र त्या खुणेत नाही. युरोपियन युनियनने २०१८ च्या नियमात दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजनाही देण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. या दोन्हींच्या मधली जागा भरायची आहे.

माझी मागणी अशी. रिबिल्ट करणाऱ्याने मूळ प्लेट काढू नये, रंगवू नये. काढावीच लागली तर तीच माहिती नव्या धातूच्या प्लेटवर कोरून हौसिंगलाच पक्की करावी, बोल्टाखाली नाही. तिच्यावर मूळ कोड, फायनल रेशो, तेल आणि कधी, कोणी बांधला एवढे यावे. आज रिबिल्टच्या स्टिकरवर नुसता विकणाऱ्याचा गोदाम नंबर असतो, तो दुकान बंद झाले की निरर्थक. हौसिंग एका गिअरबॉक्सचे आणि आतले गिअर दुसऱ्याचे असतील तर तसे लिहावे. त्यात कमीपणा नाही, लपवण्यात आहे. कारखान्यात मोजलेला कोड कागदावर न छापता कोरावा. आणि कोड उलगडण्याची किल्ली कंपन्यांनी सर्वांना खुली करावी, गाडीचे मॉडेल बंद झाल्यावरही.

कंपन्या म्हणतील, किल्ली खुली केली तर नकली माल वाढेल. माझा अनुभव उलटा आहे. नकली माल खपतो तो कोणाला टॅग वाचता येत नाही म्हणून.

नियमाचा मसुदा करणाऱ्यांनी एक दिवस गिअरबॉक्स बांधणाऱ्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहावे, एवढी विनंती. रंगाखालचे अक्षर बी आहे की आठ, हे भिंग घेऊन आम्ही कसे पाहतो ते त्यांना दिसेल.

तोवर माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक गिअरबॉक्सवर मी ॲल्युमिनियमची एक पट्टी ठोकतो आहे. मूळ कोड, मोजलेला रेशो, घातलेले तेल, तारीख. जो आकडा मला खात्रीने वाचता आला नाही, त्याची जागा कोरी ठेवतो.

आपला नम्र,
एक गिअरबॉक्स मेकॅनिक