बाबा, त्या पिवळ्या दिव्यावरची चिकटपट्टी काढा

प्रिय आई-बाबा,

बुधवारी डोळ्यांच्या तपासणीला कोल्हापूरला टॅक्सीनं जायचंय, मी बुक करून टाकलीय. आपली गाडी सोमवारी गॅरेजवाला टोइंग करून नेईल. न विचारता ठरवलं, रागवू नका. बाबा, हे तुमच्या ड्रायव्हिंगमुळे अजिबात नाही, तुमच्या शेजारच्या सीटवर मी आजही डोळे मिटून झोपेन.

पण मुंजीहून येताना खंबाटकी चढताना इंजिनचा दिवा लुकलुकत होता हे आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी मीटिंगच्या घाईत हो हो म्हणून ठेवला, आणि ते आठ दिवस मनातून जात नाहीये. नुसता पिवळा लागून राहिला तर बेताबेतानं एक-दोन दिवसांत गॅरेजला नेता येतं. लुकलुकला म्हणजे बहुतेक मिसफायर, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, तिथला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून लाल होतो आणि तो बदलायचा खर्च फार मोठा. आत्ता कदाचित नुसता स्पार्क प्लग किंवा कॉइल असेल. स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड येतो, पी०३०२ आला तर मिसफायर दुसऱ्या सिलिंडरमध्ये, एवढं सोपंय. दिवा चिकटपट्टीनं झाकू नका, आणि बॅटरीची वायर काढून घालवूही नका हं, कोडही पुसला जातो.

फियाट तापली की बॉनेट उघडून तुम्ही मला सावलीत बसवायचात, पाण्याची बाटली माझ्याकडे द्यायचात, आणि गार झाल्याशिवाय रेडिएटरच्या झाकणाला हात लावू द्यायचा नाहीत. ती बाटली धरून मी किती शहाण्यासारखी उभी राहायचे ना आई?

टॅक्सीवाला ओळखीचा आहे, एसी बेताचा ठेवायला सांगितलाय, बाबांची कमरेची उशी मावेल. आई, तू पुढे बसू नकोस, तुला ऊन लागतं. थर्मास घे, बाबांची बीपीची गोळी सकाळीच द्यायची, घाटात आठवून नाही.

आणि गाडी परत आल्यावर: लुकलुकला की अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, कडेला घ्यायची, मला फोन करायचा. तेलाच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा लागला तर जागच्या जागी इंजिन बंद, पुढच्या पंपापर्यंतसुद्धा नाही. किल्ली रविवारी रात्रीच शेजारच्या काकांकडे देऊन ठेवा. दिल्यावर मेसेज करा, मी वाट बघतेय.

तुमची,
चिऊ