सफरचंदाच्या गरम पेयात मसाला अख्खाच हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडली की काही घरांत सफरचंदाचे गरम मसालेदार पेय होऊ लागते. मात्र अनेक जण त्यात दालचिनीची पूड घालतात आणि तिथेच बिघडते. पूड गरम पाण्यात बुळबुळीत होते, कितीही गाळली तरी पेल्याच्या तळाशी उरतेच.

प्रमाण असे: एक किलो सफरचंदे, दोन लिटर पाणी, दोन-दोन इंचांचे दालचिनीचे दोन तुकडे, पाच लवंगा, बोटभर आले. लवंग वाढवली की जीभ बधिर होते. बाजारात बहुधा मिळते ती जाड, तिखट दालचिनी असेल, तर एकच तुकडा पुरे. सफरचंदे करकरीत, थोडी आंबटसर घ्यावीत; भुसभुशीत फळाची नुसती खीर होते. साल राहू द्या, बिया मात्र काढाच, त्या ठेचल्या गेल्या तर कडवटपणा येतो. संत्र्याची साल घालायची तर आतला पांढरा भाग खरवडून.

स्टीलच्या पातेल्यात झाकण ठेवून मंद आचेवर दीड तास. ॲल्युमिनियम नको, आंबट रसाला धातूची चव लागते. मग फोडी डावाने चेचून आणखी अर्धा तास. पंचावर गाळून आपोआप निथळू द्यावे. पिळले की पेय गढूळ झालेच! गूळ शेवटी, चव पाहून, साधारण पन्नास ग्रॅम. जायफळही उतरवल्यावरच किसावे. फ्रीजमध्ये तीन दिवस टिकते.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे