मॉर्टरचा आवाज कमी करायचा तो नेमका कोणासाठी?

प्रति,
मा. संपादक,

विषय : कमी आवाज, कमी चमक व कमी धूर करणाऱ्या मॉर्टरविषयी

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील संरक्षण साहित्यावरच्या लेखात ‘आवाजविरहित मॉर्टर’ (मॉर्टर म्हणजे बॉम्ब आभाळात उंच फेकून लक्ष्यावर टाकणारी पायदळाची छोटी तोफ) असा उल्लेख आला असून, अशी मॉर्टर सैन्याच्या हाती आली की बॉम्ब कोठून आला हे शत्रूला कधी कळणारच नाही, असे त्यात सुचवले आहे. मी पायदळाच्या मॉर्टर प्लाटूनमध्ये, म्हणजे मॉर्टर चालवणाऱ्या तुकडीत, नोकरी करून निवृत्त झालो असून सध्या यावल तालुक्यात केळीची शेती करतो. भुसावळ आणि वरणगाव ही ऑर्डनन्स फॅक्टरीची दोन्ही गावे आपल्याच जिल्ह्यातली असल्याने आपल्या वाचकांत दारूगोळ्याची जाण असलेली माणसे पुष्कळ आहेत. निदान त्यांच्यासाठी तरी हा विषय थोडा सविस्तर आणि नेमका मांडला जायला हवा होता, असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

मॉर्टरचा आवाज दाबण्याला एवढे महत्त्व का, हे त्या लेखात आलेच नाही. रायफलीची गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते, त्यामुळे ज्याला ती लागायची त्याला बार नंतर ऐकू येतो. मॉर्टरचे उलटे आहे. तिचा बॉम्ब आवाजापेक्षा हळू जातो आणि सरळ न जाता आभाळात उंच चढून खाली येतो. तीन किलोमीटरवरच्या लक्ष्यावर पोचायला त्याला साधारण पंचवीस ते तीस सेकंद लागतात. आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने तेच अंतर नऊ सेकंदांत कापतो. म्हणजे ज्याचे कान तयार आहेत अशा सैनिकाला नळीतून बॉम्ब सुटल्याची ‘धप्’ ऐकून खंदकात उडी घ्यायला पंधरा-वीस सेकंद मिळतात, आणि तेवढे त्याला पुरतात. पहिला बॉम्ब अचानक पडावा, हा आवाज कमी करण्यामागचा सर्वांत मोठा लष्करी हेतू आहे. बॉम्ब फुटतानाचा आवाज कोणत्याही रचनेत कमी होत नाही, ही गोष्ट सांगायला नको इतकी उघड आहे. पण लेखाचा मथळा वाचून माझ्या पुतण्याचा तोही कमी होतो असाच समज झाला होता.

आता रायफलीला लावतात तसा सायलेन्सर मॉर्टरला का लावत नाहीत, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. याचे उत्तर मॉर्टरच्या मूळ रचनेतच आहे. विल्फ्रेड स्टोक्स या इंग्रज इंजिनिअरने १९१५ साली जी साधी मॉर्टर तयार केली, तिचा सांगाडा आजही बदललेला नाही : एक गुळगुळीत नळी, तिच्या बुडाशी बॉम्बची दारू पेटवणारी फायरिंग पिन, खाली जमिनीवर टेकणारी बेस प्लेट आणि पुढे बायपॉड, म्हणजे दोन पायांचा आधार. बॉम्ब तोंडाकडून आत सोडायचा, तो घसरत जाऊन पिनवर आदळायचा आणि त्याच तोंडातून बाहेर पडायचा. तोंडावर काही बसवायचे तर बॉम्ब आत सोडायला वाट मोकळी राहिलीच पाहिजे. नळी लांबवायची तर बॉम्ब सोडणाऱ्या लोडरचा हात तोंडापर्यंत पोचला पाहिजे. आणि तोंडावर वजन वाढले की बायपॉडवरचा तोल बिघडून प्रत्येक बारानंतर नेम हलतो. शिवाय ८१ मिलिमीटरच्या नळीतून सुटणारा वायू रायफलीच्या मानाने इतका जास्त असतो की तो थंड करून शांतपणे सोडायला लागणारे नळकांडे पाठीवरून डोंगरात नेणे शक्य होणार नाही. मॉर्टरचा सगळा उपयोगच मुळी ती माणसांनी उचलून नेता येते यात आहे.

म्हणून संशोधकांनी वेगळी वाट धरली : वायू बाहेर सोडायचाच नाही. बॉम्बची शेपटी पोकळ नळीसारखी करायची, तिच्यात दारू आणि दट्ट्या ठेवायचा, आणि ती शेपटी मॉर्टरमधल्या एका दांड्यावर बसवायची. दारू पेटली की दट्ट्या दांड्यावर रेटा देतो, बॉम्ब पुढे फेकला जातो आणि दट्ट्या शेपटीच्या टोकाशी येऊन घट्ट अडकतो. वायू आतच राहतो. दांड्यावरून बॉम्ब फेकण्याची कल्पना जुनी आहे. हिंदुस्थानी सैन्यात नोकरी केलेल्या ब्लॅकर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दुसऱ्या महायुद्धात तसे शस्त्र केले होते, पण त्यात वायू कोंडलेला नसे. वायू कोंडणारी रचना पुढे बेल्जियममध्ये आकाराला आली आणि त्याच धर्तीवरचे ५१ मिलिमीटरचे हलके शस्त्र फ्रान्सच्या पायदळाने घेतले. त्यातून बॉम्ब सुटताना ज्वाळा दिसत नाही, धूर जवळजवळ नसतो आणि नळी तापत नसल्याने उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीलाही ती चटकन सापडत नाही. आवाज राहतो तो दट्ट्या अडकल्याचा आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा.

लेखात इथपर्यंतची बाजू उत्साहाने आली आहे. त्यासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र आलेली नाही. कोंडलेल्या वायूला बॉम्ब ढकलायला शेपटीच्या लांबीएवढेच अंतर मिळते, त्यामुळे वेग कमी आणि पल्ला तोकडा. त्या फ्रेंच शस्त्राचा पल्ला पाऊण किलोमीटरसुद्धा नाही. रशियाची ‘२बी२५’ ही ८२ मिलिमीटरची कमी आवाजाची मॉर्टर अवघी १३ किलो वजनाची आहे, पण तिचा बॉम्ब १२०० मीटरच्या पुढे जात नाही; त्यांचीच नेहमीची ८२ मिलिमीटरची ‘पोदनोस’ सुमारे चार किलोमीटर मारते. आपली ८१ मिलिमीटरची मॉर्टर साधारण पाच किलोमीटर मारते. त्यातही कमी आवाजाच्या मॉर्टरला तिचा स्वतःचाच बॉम्ब लागतो, कोठारातला नेहमीचा चालत नाही. शेपटीला आतला दाब सोसायचा म्हणून ती जाड आणि जड होते, आणि तिच्या वजनाएवढी स्फोटक दारू बॉम्बमधून कमी होते. मिसफायर झालेला, म्हणजे न सुटता नळीतच राहिलेला, साधा बॉम्ब नळी उलटी करून बाहेर काढतानाच प्लाटून श्वास रोखून उभी असते. दाब कोंडण्यासाठीच बनवलेल्या शेपटीच्या बाबतीत तर ती शिस्त आणखी कडक ठेवावी लागणार. छोट्या टोळीने रात्री जवळ जाऊन चार बॉम्ब टाकून परतण्यासाठी हे शस्त्र उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बटालियनच्या मॉर्टर प्लाटूनची जागा ते घेईल, असे जे लेखातून ध्वनित होते, ते पटण्यासारखे नाही.

चमक आणि धूर यांचे गणित वेगळे असून ते रसायनशास्त्राचे आहे. नळीतून बाहेर पडणाऱ्या गरम वायूत हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड हे जळू शकणारे वायू भरपूर असतात. बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन मिळाला की तोंडापुढे त्यांचा दुसऱ्यांदा भडका उडतो, आणि रात्री दूरवरून दिसतो तो प्रामुख्याने हाच भडका. दारूत पोटॅशियमचे क्षार थोड्या प्रमाणात मिसळले तर तो दबतो, पण तेच क्षार धूर वाढवतात. म्हणजे रात्रीसाठी केलेली सुधारणा दिवसा अंगलट येते. पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८८४ मध्ये बिनधुराची दारू तयार केली तेव्हापासून तोफांपुढचे पांढरे ढग गेले खरे. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळाल्यावरही घन कणांच्या रूपात उरत असे आणि तोच धूर म्हणून दिसत असे. मात्र आजही ‘बिनधुराची’ म्हणजे धूर कमी, एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा. आणि धूर पूर्ण थांबवला तरी धुळीचे काय? उन्हाळ्यात आपल्याकडच्या भेगाळलेल्या काळ्या जमिनीसारख्या कोरड्या जागी बेस प्लेट मांडली, तर पहिल्याच बाराला तिच्या चारी बाजूंनी धूळ उसळते आणि वारा नसेल तर बराच वेळ तिथेच तरंगत राहते. आम्ही बेस प्लेटभोवती पाणी शिंपडत असू किंवा ओली पोती अंथरत असू. हा उपाय कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही, पण धुराच्या रसायनाइतकाच तो कामाचा आहे.

‘कोठून आला हे कळणारच नाही’ या विधानाबद्दलही थोडे लिहायला हवे. आवाजावरून तोफेची जागा शोधण्याचे शास्त्र पहिल्या महायुद्धातच उभे राहिले. विल्यम लॉरेन्स ब्रॅग हा तरुण शास्त्रज्ञ आघाडीवर याच कामात होता आणि तिथे असतानाच १९१५ चे नोबेल त्याला जाहीर झाले. वेगवेगळ्या जागी मांडलेल्या मायक्रोफोनवर एकच बार किती अंतराने पोचतो, त्यावरून तोफेची जागा काढायची, ही त्याची पद्धत. टकर नावाच्या सहकाऱ्याने तापलेल्या तारेचा मायक्रोफोन तयार केल्यावर तोफेचा खोल, कमी कंपनाचा बार इतर गलक्यातून वेगळा काढता येऊ लागला. वायू कोंडणारी मॉर्टर या पद्धतीला बऱ्याच अंशी चकवू शकते, आणि हवामानाची साथ असेल तर आणखी. याउलट हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड असली की आवाज खाली वाकतो आणि दूर जातो. भुसावळच्या रेल्वे यार्डातले भोंगे जानेवारीत पहाटे तापीच्या अलीकडच्या गावांत स्पष्ट ऐकू येतात आणि मे महिन्याच्या दुपारी येत नाहीत, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. पण आज मुख्य शोध घेते ते रडार. आपल्याकडचे ‘स्वाती’ रडार हवेतला बॉम्ब पाहते, त्याचा मार्ग मोजते आणि तो मार्ग मागे नेऊन मॉर्टरची जागा काढते. त्याला आवाज, चमक किंवा धूर यांपैकी कशाचीच गरज नाही. बॉम्ब आभाळात उंच चढणारच, आणि चढला की दिसणारच.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्याकडे येतो. मॉर्टरचा आवाज सर्वांत जवळून ऐकतो तो शत्रू नव्हे, आपला लोडर. बॉम्ब सोडला की तो हात नळीलगत खाली ओढत वाकतो, डोके तोंडाच्या पातळीखाली नेतो आणि कान दाबून धरतो. हे सगळे क्षणार्धात व्हावे लागते, आणि ‘रॅपिड फायर’चा, म्हणजे भराभर मारा करण्याचा, हुकूम असेल तेव्हा कान दाबायला हात मोकळे असतातच असे नाही. क्षणिक आवाजासाठी कानाची मर्यादा सर्वसाधारणपणे १४० डेसिबल मानतात. ८१ मिलिमीटरच्या मॉर्टरजवळ तो १७० च्या पुढे जातो. डेसिबलचे माप असे आहे की ३० ने वाढ म्हणजे हवेचा दाब तीसपटीहून अधिक. आपल्या देशात चार मीटरवर १४५ डेसिबलच्या कमाल पातळीपेक्षा मोठा आवाज करणारा फटाका बनवायला आणि विकायला कायद्याने बंदी आहे, आणि ते योग्यच आहे. इथे तर माणूस नळीच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतो.

अमेरिकेने १९८७ च्या सुमारास ब्रिटिश बनावटीवरून घेतलेल्या ८१ मिलिमीटरच्या मॉर्टरच्या तोंडावर नसराळ्यासारखे एक साधे कडे बसवले. त्याने शत्रूला ऐकू येणारा आवाज फारसा कमी होत नाही. ते बसवले आहे वायूचा धक्का वरच्या बाजूला वळवून खाली वाकलेल्या माणसांना वाचवण्यासाठी. बॉम्ब आत सोडायला त्या कड्याच्या रुंद तोंडाचा उलट उपयोगच होतो. पल्ला तोच, बॉम्ब तोच, कोठार तेच. माझ्या मते कमी आवाजाच्या मॉर्टरवर लिहिताना पहिला परिच्छेद या कड्यावर असायला हवा होता, कारण त्याचा फायदा प्रत्येक मॉर्टर प्लाटूनला रोजच्या सरावात मिळतो, तर वायू कोंडणाऱ्या मॉर्टरचा फायदा निवडक टोळ्यांना निवडक रात्री मिळतो.

माझ्या उजव्या कानाला आता घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही आणि दोन्ही कानांत रातकिड्यासारखा आवाज चोवीस तास चालू असतो. निवृत्तीनंतर मी कानाच्या या त्रासाबद्दल अर्ज केला तेव्हा भरती झालो त्या वेळचा कानाच्या तपासणीचा आलेख कागदपत्रांत नसल्याचे कारण देऊन तो परत आला. यात कोणा एका कचेरीला दोष देण्याचा हेतू नाही. भरतीच्या वेळी कुजबुज ऐकू येते का एवढेच पाहिले गेले होते. आलेख काढलाच नव्हता, तर तो सापडणार कोठून? आमच्या भागात असे तक्रारदार बरेच आहेत आणि बहुतेकांनी ‘वयोमानाने होणारच’ म्हणून विषय सोडून दिला आहे.

जळगाव, धुळे आणि शिरपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले हल्ली नव्या कल्पनांना मदत करणाऱ्या संरक्षण मंत्रालयाच्या ‘आयडेक्स’सारख्या योजनांसाठी प्रकल्प करू पाहतात, ही समाधानाची गोष्ट आहे. त्यांना माझी विनंती एवढीच की संपूर्ण नवी निःशब्द मॉर्टर कागदावर काढण्याआधी जवानाच्या कानाशी दाब किती पोचतो तो मोजणारी, हेल्मेटच्या पट्ट्याला लावता येईल अशी छोटी स्वस्त वस्तू करून पाहावी, आणि हुकूम ऐकू येईल पण बार अडवला जाईल असे कानात घालण्याचे बोंड आपल्या हवामानात घामाने निसटणार नाही, असे करावे. या दोन्ही कामांना दारूगोळा हाताळावा लागत नाही आणि गोपनीयतेची अडचणही फारशी येत नाही. आपणही पुढच्या पुरवणीत कानाच्या डॉक्टरांकडून आणि निवृत्त मॉर्टर जवानांकडून या बाजूवर लिहवून घ्यावे, तसेच भरतीच्या दिवशी आणि निवृत्तीच्या दिवशी काढलेले कानाचे दोन्ही आलेख जवानाच्या आरोग्यपुस्तिकेत कायम जोडले जावेत, या मागणीला आपल्या स्तंभातून जागा द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मॉर्टर जवान,
ता. यावल, जि. जळगाव